ताईचे छप्पन्न किलो

बारीक माणसांचा एक गोड गैरसमज असतो. जाड माणसाला आपण जाड आहोत हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही, असं त्यांना वाटतं. मग ती सांगतात. जिन्यात सांगतात, लिफ्टमध्ये सांगतात, दाताला भूल देऊन तोंड उघडं ठेवलेलं असताना सांगतात. माझं चष्म्याचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक फ्रेम निवडता निवडता मला म्हणालं, "सकाळी उठून कोमट पाणी घेऊन बघा." नंबर वाढला त्याचा आणि कोमट पाणी प्यायचं मी.

दुकानाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. शेवटची ओळ दिसत नाही, एवढं कबूल करायला कुणाची जीभ रेटत नाही. अंदाजाने अक्षरं ठोकून देतात आणि आठ दिवसांनी चष्मा बरोबर लागला नाही म्हणून माझ्याच नावाने शंख करतात. हे रोज बघितल्यावर माणसांविषयी फार चांगलं मत राहत नाही. माझंही नाही. माझ्या ताईविषयी तर मुळीच नव्हतं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी गळ्यातली शिट्टी काय ती उतरली, बाकी सगळं तसंच. घरात मला ठमी म्हणतात, ते नाव तिनेच ठेवलेलं. तिचं एक पालुपद होतं. "वीस वर्षं माझं वजन छप्पन्न. एक किलो इकडे नाही की तिकडे नाही." दुसरे लोक घराण्याचा इतिहास सांगतात त्या थाटात ती हे सांगायची, आणि सांगताना नजर माझ्या पोटावर. मला ते छप्पन्न किलो एकेक करून चावून खावेसे वाटायचे.

तर त्या ताईचा एक दिवस फोन आला. "आईचा वाढदिवस. ऐंशी पूर्ण. दोघींनी जायचं. या वेळी तुझं कारण चालणार नाही."

आई आमच्या धाकट्या भावाकडे राहते, डोंगरापलीकडच्या गावात. पूर्वी तीच आमच्याकडे यायची. मग तिची नजर अधू झाली, मी पाठवलेले चष्मेही पुरेनात, तिचं येणं थांबलं आणि मी जाणं टाळत राहिले. तीन वर्षं टाळलं. दर फोनला आई एवढंच विचारायची, "तू कधी येतेस?" आणि मी दुकानाचं तुणतुणं वाजवायची. या वर्षी तर दरड कोसळून रस्ताच बंद झालेला. जायचं तर विमानाने.

विमानाने. 

मोठ्या विमानात मी एकदाच बसले आहे. मधल्या वाटेने आडवी चालत गेले तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं तोंडाने देवाचं नाव घेत असावीत. मी पुढे सरकले की त्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं दिसायचं. माझ्या शेजारच्या गृहस्थाने आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आमच्या मधला खुर्चीचा हात असा आपटून खाली केला की माझ्या मांडीवर दोन दिवस वळ होता. पट्टा चार बोटं कमी पडला. जोडपट्टा हळूच मागितला तर हवाई सुंदरी तो डोक्यावर उंच धरून, गोड हसत, अख्ख्या विमानाला दाखवत घेऊन आली. दोन तास मी हात छातीशी आवळून, श्वास अर्धा अर्धा घेत बसले. उतरताना शेजारचा म्हणाला, "ठीक आहे, चालायचंच." जणू मी त्याची माफी मागितली होती. तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा नाही.

आणि हे तर बारा जणांचं विमान. कंपनीच्या कचेरीत फोन केला, सहज चौकशी करावी तसा. पलीकडची बाई म्हणाली, "छोटं विमान आहे ना मॅडम, त्यामुळे प्रत्येकाचं वजन लागतं. सामान काट्यावर करतो. माणसांनी काउंटरवर तोंडी सांगितलं तरी चालतं."

तोंडी! म्हणजे रांगेत उभं राहून, चारचौघांत, मोठ्याने. पुढचे पंधरा दिवस मी भांडी घासताना आकडे म्हणून बघत होते. शहाण्णव. शंभर. एकशे पाच. कोणता आकडा तोंडातून जास्त खरा वाटतो याचा सराव. पन्नाशीची बाई, स्वतःच्या दुकानाची मालकीण, आणि नळाशी उभी राहून खोटं बोलायची तालीम करत होते. सगळ्यांत जास्त चीड मला त्याची आली.

त्या दिवसांत ताई दुकानात तीनदा आली. चष्मा नाकावरून घसरतो म्हणे. मी दोन्ही दांड्या कसून दिल्या. चार दिवसांत परत आली. पुन्हा कसल्या, नाकाच्या गाद्याही बदलल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी सरळ म्हटलं, "चष्मा लावून झोपतेस तू. म्हणून फ्रेम फाकते."

"फ्रेमच भिकार दिलीस," ती म्हणाली. "बहीण म्हणून स्वस्तातला माल गळ्यात मारलास."

मी चहा मागवला. सोबत बिस्किटं आली. तिने बशी दोन बोटांनी माझ्याकडे ढकलली. "तूच खा. तुला लागतं." मी तिच्याकडे रोखून बघत चारही बिस्किटं खाल्ली. चहा तिने तसाच ठेवला. नखरे, मी मनात म्हटलं. दुसरं काय?

जायच्या दिवशी भावोजींनी आम्हाला विमानतळावर सोडलं. विमानतळ म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली, एक काउंटर, भिंतीला टेकवलेली बाकं, आणि सामानाचा काटा, लोखंडी फळीचा, लाल आकडे दाखवणारा. भावोजी ताईची पिशवी हातात धरून उगाच घोटाळत राहिले. "अहो, जा आता," ताई खेकसली, "शाळेत सोडायला आलात का मला?" ते गेले. ताईने घोट्यापर्यंतचा जाड कोट घातला होता, आत दोन स्वेटर. मला तिथे घामाच्या धारा लागल्या होत्या.

"वर गारठा असतो," ती म्हणाली. "तुला काय, तुझं अस्तर अंगचंच."

मी खोलीतली माणसं बघत होते. एक वकीलसाहेब होते, बटणं जिवाच्या आकांताने कोट धरून होती. नवं लग्न झालेलं एक जोडपं, एकसारखी जाकिटं घालून, एकमेकांच्या कानात खिदळणारं. एक औषधविक्रेता, दवाखान्याची खोकी घेऊन. आणखी तिघंचौघं. प्रत्येकाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग बाहेर उभ्या विमानाकडे बघितलं. ही बेरीज मी ओळखते.

रांग सुरू झाली. काउंटरवरची बाई मान वर न करता विचारत होती, "वजन?"

"अठ्ठ्याहत्तर," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा कोटच तेवढा असावा.

"पंचावन्न," नवी नवरी म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून लाजली. नवऱ्याने छाती फुगवून आपले दोन किलो वाढवून सांगितले असावेत, कारण तीही एक हौस असते. विक्रेत्याने खोकला काढून काहीतरी पुटपुटलं.

"छप्पन्न," ताई म्हणाली. ठणठणीत, शिट्टी वाजवावी तसं.

मग मी. एकशे पाच तोंडात तयार होता, पंधरा दिवस घोटलेला. पण त्या सगळ्यांची खोटी तोंडं एकामागून एक बघितली आणि मला अशी काही किळस आली की या कळपात आपण शिरायचं नाही असं वाटलं.

"एकशे सव्वीस," मी म्हणाले. नको तेवढ्या मोठ्याने. खिदळणं थांबलं. बाईने मान वर केली.

"नक्की?"

"कालच केलंय. पाव किलो वर आहे, तो तुम्हाला सोडला."

आम्ही बाकावर बसलो. आत कुठेतरी मोकळं वाटत होतं. ताई पुटपुटली, "केवढा तो आवाज." पण नेहमीसारखी बोलली नाही, डोळे मिटून बोलली.

थोड्या वेळाने वैमानिक आत आला. तरुण, कपाळाला आठ्या. काउंटरवरच्या कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, "वारा फिरलाय. एवढं घेऊन नाही उडता येणार. थोडक्यात जास्त होतंय, पण होतंय. एकाला थांबावं लागेल. पुढची फेरी चार दिवसांनी."

"सामान काढा," कुणीतरी म्हणालं.

"निम्मं काढलंय. उरलेली खोकी दवाखान्याची आहेत, ती जाणारच."

आणि मग, कुणी शिकवल्यासारखी, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. चार दिवसांनी. आईचा वाढदिवस उद्या होता. धाकट्याने तिला सांगून ठेवलेलं, दोघी येतायत. ती सकाळपासून साडी नेसून बसली असणार. तिच्या "तू कधी येतेस?" ला तीन वर्षांनी उत्तर मिळणार होतं, आणि ते उत्तर या खोलीत वजनावर अडलं होतं.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "गैरसमज नसावा, पण व्यवहार बघितला तर एकाच व्यक्तीच्या थांबण्याने प्रश्न सुटतो. मॅडमना त्रासही कमी होईल. ती सीट पण अरुंदच."

मॅडमना त्रास कमी होईल! माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत ताई उभी राहिली.

"हिला सोडून विमान जाणार नाही," ती म्हणाली. "ही आलीच पाहिजे."

मी थक्क झाले. पन्नास वर्षांत तिने माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नव्हतं. आभार मानावेत एवढी उसंत मात्र मला नव्हती. मला सूड हवा होता. मी वैमानिकाला म्हणाले, "तुमचा कागद खोटा आहे. या खोलीत खरं वजन फक्त मी सांगितलंय. काटा समोर आहे. चढवा सगळ्यांना."

"काही गरज नाही," ताई पटकन म्हणाली.

सगळ्यांत आधी तीच. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छप्पन्न! वीस वर्षांचे छप्पन्न! म्हणून तो कोट, म्हणून ते स्वेटर. बाईसाहेब सुटल्यात! आतून कमरेचा टायर झालाय आणि माझ्यापुढे दिमाख चाललाय. खरं सांगते, मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

वैमानिकालाही पटलं. "बरोबर आहे. मला खरे आकडे पाहिजेत."

वकीलसाहेब काट्यावर चढले. लाल आकडे पळत पळत सत्त्याऐंशीवर थांबले. "बूट जड आहेत," ते म्हणाले. बूट जड! नवरी पंचावन्नची साठ निघाली. नवऱ्याने खिदळायचं सोडून दिलं, आणि त्याचे फुगवलेले दोन किलो उतरले ते सोडाच. विक्रेता चढला, इतर चढले. प्रत्येकाने घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, एकाने चक्क श्वास सोडला. मी चढले. एकशे सव्वीस, पाव किलो वर. मी सगळ्यांकडे बघून मान झुकवली.

वैमानिकाने बेरीज केली आणि त्याचा चेहरा आणखी उतरला. लोकांचं खोटं उघडं पाडण्याच्या नादात मी विमान आणखी जड करून ठेवलं होतं. आता थोडक्यात नव्हे, चांगलंच जास्त होत होतं. वकील माझ्याकडे बघून बारीक हसले.

"या राहिल्यात," काउंटरवरची बाई ताईकडे बोट दाखवत म्हणाली.

"मी सांगितलंय ना. छप्पन्न."

"ताई, चढ," मी म्हणाले. मी तिचा दंड धरला आणि ओढलं. भरल्या खोलीत, सगळ्यांसमोर, हसत हसत ओढलं. "चढ की. वीस वर्षं ऐकतेय, एकदा बघू तरी दे."

कोटाच्या बाहीत माझी बोटं आवळली गेली, आणि आवळतच गेली. कापड, त्याखाली लोकर, त्याखाली पुन्हा लोकर. दंड लागायला हवा होता तिथे लागलाच नाही. मी हात सोडेपर्यंत ती फळीवर चढलीही होती.

लाल आकडे पळाले. एक्केचाळीस.

काटा बिघडला असेल म्हणून बाईने फळीला हलकेच पायाने ढोसलं. एक्केचाळीसच. कोटासकट, बुटांसकट, दोन स्वेटरांसकट. ताई समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभी होती, शाळेत ध्वजवंदनाला उभी राहायची तशी. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. तिने तो वर ढकलला नाही.

आणि मला दुकानातल्या त्या तीन दुपारी आठवल्या. चष्मा का घसरतो? बिनअकलेचं पोरही सांगेल, एक तर फ्रेम मोठी झाली किंवा चेहरा लहान झाला. मी, जिची उभी हयात लोकांच्या तोंडाची मापं घेण्यात गेली, तिने तीनदा दांड्या कसल्या. तीनदा तिच्या कानशिलांना हात लावला. आणि फ्रेमला दोष दिला.

वैमानिकाने कागदावर खाडाखोड केली. "जमतंय," तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, कुणाकडेही न बघता, "आता सगळेच येऊ शकतात."

वकीलसाहेबांनी ताईची पिशवी उचलली. तेवढी लाज त्यांच्यात निघाली. माझ्यात किती निघाली ते मला मोजता आलं नसतं. पंधरा किलो ताईच्या अंगावरून कुठेतरी गेले होते, आणि त्या जागेवर बसून मी आईकडे चालले होते.

वैमानिकाने आम्हा दोघींना शेजारी बसवलं. म्हणाला, तोल साधतो. आसन अरुंद होतं, पट्टा तोकडा होता, ज्याची ज्याची मला पंधरा दिवस धास्ती होती ते सगळं तिथे होतं. जोडपट्टा आला, लावला. कुणी बघितलं की नाही ते मी बघितलंच नाही. माझी मांडी ताईच्या जागेत शिरली होती आणि ताईला ती जागा लागतच नव्हती.

विमान वर गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"सहा महिने."

"भावोजींना माहीत आहे?"

"त्यांनाच फक्त. पोटातलं आहे. डॉक्टरांनी सगळं करून बघितलं. आता रडू नकोस, तू रडलीस की विमान हलेल."

मी रडत होते आणि तेवढ्यात हसूही आलं. मग रागही आला. "मला का नाही सांगितलंस? आणि छप्पन्न कशाला सांगत बसलीस तिथे?"

"जन्मभर तेच सांगत आले. दुसरा आकडा तोंडात बसत नाही." ती बाहेरच्या ढगांकडे बघत होती. "हे बघ, आईला काही कळता कामा नये. तिला दिसत नाही, पण ती हाताने बघते. माहीत आहे ना तुला? गाल, दंड, मनगट. मागच्या खेपेला मी निभावून नेलं. या वेळी एकटीने जमलं नसतं."

"मग कशाला निघालीस?"

"तिला बघायला. दुसरं कशाला?" तिने चष्मा वर ढकलला. तो परत घसरला. "म्हणून तुला आणलं. लहानपणापासून बघतेय मी. तू खोलीत असलीस की माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही."

पन्नास वर्षं मला वाटत होतं की हे उलट आहे. ती बारीक, ती चपळ, ती शिट्टीवाली. सगळे तिच्याकडे बघतात आणि तिच्या मानाने माझ्याकडे. मी तिचा चष्मा काढून घेतला, दांड्या बोटांनी आत वाकवल्या, तिच्या कानांवर बसवला आणि नीट बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं.

विमान उतरलं. कुंपणापलीकडे धाकटा उभा होता, आणि त्याचा हात धरून आई, नवी साडी नेसलेली, तोंड आवाजाच्या दिशेला वळवून. ताई पायरीवर थबकली. तिने कोटाचं वरचं बटण लावलं.

"ठमे," ती म्हणाली, "पुढे हो."

मी पुढे झाले. जन्मभर मी दारं अडू नयेत म्हणून तिरकी झाले, बाकांच्या टोकाला बसले, फोटोत मागच्या रांगेत उभी राहिले. त्या दिवशी मी दोन्ही हात पसरून, आहे तेवढी सगळी, आईच्या अंगावर गेले आणि "आई!" म्हणून असा गळा काढला की धाकटा दचकला. आईचे हात माझ्या गालांवर आले, दंडांवर आले, पाठीवर पोहोचेनात.

"अगं बाई," ती हसायला लागली, "किती गं वाढलीस!"

"वाढलेय खरी," मी म्हणाले. "बघ, अजून बघ." तिचे हात सुटून मागे वळायला लागले, "ताई कुठे आहे?" म्हणायला लागले, तेव्हा मी ते दोन्ही पकडले आणि पुन्हा माझ्या पोटावर ठेवले.